सरांचा अर्धा तास

आमचे सर कुठेही अर्धा तास उशिरा यायचे आणि आल्या आल्या मनगट पुढे करून विचारायचे, वेळेवर आलो की नाही? त्यांच्या घड्याळात पाहावं तर ते अगदी काट्यावर आलेले असायचे. भानगड घड्याळाची होती, आणि घड्याळाची भानगड आमच्या संगणकाच्या खोलीत सुरू झाली होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपुरातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी नुकतीच नोकरीला लागले होते, तीही तात्पुरती. सर संगणकाच्या खोलीचे प्रमुख. खोलीत तीन संगणक, खिडकीएवढा एक कूलर आणि शेषराव. शेषराव मूळचे कुहीकडचे. गावची धानाची शेती भाऊ पाहायचा आणि हे आमच्याकडे शिपाई होते. खोलीची किल्ली त्यांच्या करगोट्याला बांधलेली असे, त्यामुळे खरे प्रमुख कोण याबद्दल माझ्या मनात कधीकधी शंका यायची. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, हा त्या वेळी सगळ्याच संगणकांच्या खोल्यांचा नियम होता. धूळ नको म्हणून. सर मात्र देवळात शिरल्यासारखे उंबरठ्याला हातही लावायचे.

संगणक सुरू झाला की सगळ्यात आधी त्याला स्वतःचे हातपाय कुठे आहेत ते कळावं लागतं. ते शिकवणारी ती ऑपरेटिंग सिस्टीम. दोन यंत्रांवर विकत आणलेली सिस्टीम होती. ती गुमान चालायची, पण तिच्या पोटात काय आहे ते कोणाला दिसायचं नाही. तिसऱ्या यंत्रावर सर भलतीच एक चालवायचे. परदेशातल्या काही शिक्षकांनी मिळून ती लिहायला घेतली होती आणि पुरी व्हायच्या आत, कच्ची असतानाच, मूळ लिखाणासकट तिच्या फ्लॉप्या मागेल त्याला देत होते. वाचा, चालवा, चूक सापडली तर कळवा, जमलं तर दुरुस्त करून पाठवा, एवढंच त्यांचं म्हणणं. सरांचा एक जुना विद्यार्थी तिकडे शिकत होता. तो दर दोन-तीन महिन्यांनी नवी आवृत्ती टपालानं पाठवायचा आणि सर जुनी पुसून नवी चढवायचे. मी एकदा विचारलं की सर, पक्की झाल्यावरच का नाही घेत? त्यांना माझी कीव आली असावी.

“पक्कं तर कोणीही चालवते, मॅडम,” ते म्हणाले. “त्यात आपलं काय काम?”

ही कच्ची सिस्टीम दिवसातून आठ-दहा वेळा बंद पडायची. बंद पडणं याला आमच्याकडे नुसतं ‘पडणं’ म्हणत. इतर ठिकाणी यंत्र पडलं की लोक कपाळाला हात लावतात. आमच्याकडे वाटप व्हायचं. पूर्वी पडलं होतं त्याच कारणानं पुन्हा पडलं तर फुटाणे. अगदी नव्या कारणानं पडलं तर संत्रा बर्फी, आणि ती स्वतः सर सायकलवर जाऊन आणायचे. लाल पुठ्ठ्याची एक जाड वही होती, तिचं नाव दोषवही. प्रत्येक पडणं तीत लिहायचं: काय करत होतो, काय झालं, कोण हजर होतं. शेवटच्या रकान्यात ‘नवा’ किंवा ‘जुना’. शेषरावांना संगणकातलं ओ की ठो कळत नसे, पण तो रकाना ते दारातून मान वाकवून वाचायचे, कारण चहाबरोबर काय मिळणार ते त्यावर ठरायचं.

फ्लॉप्यांचं तर विचारूच नका. नागपूरचा मे महिना म्हणजे फ्लॉपी पापडासारखी वाकायची. सरांनी त्यावर उपाय काढला होता. खोलीच्या कोपऱ्यात ओल्या रेतीवर एक कोरा माठ ठेवला होता आणि त्यात मेणकापडात गुंडाळलेल्या फ्लॉप्या. रेतीवर शेषराव सकाळ-दुपार पाणी शिंपडायचे. बाहेरून तहानलेला आलेला माणूस सरळ माठाकडे जायचा, झाकण काढून आत ओगराळं घालायचा आणि खडखड आवाज आला की आमच्याकडे पाहायचा. एका विक्रेत्यानं असं केल्यावर सरांनी त्याला शांतपणे सांगितलं होतं की प्यायचं पाणी बाहेर आहे, यात फक्त ऑपरेटिंग सिस्टीम आहे.

आता घड्याळाचं. या सिस्टीमला सकाळी जगाची मूळ वेळ, म्हणजे ग्रीनिचची, सांगायची आणि मग आपल्या गावाचा फरक सांगायचा, म्हणजे ती गावाची वेळ दाखवायची. फरक पूर्ण तासांतच सांगता यायचा. लिहिणाऱ्यांच्या देशांत सगळे फरक पूर्ण तासांचेच असणार. आपला फरक साडेपाच तासांचा. साडेपाच सांगितले की सिस्टीम वरचा अर्धा तास गिळून पाच धरायची आणि पडद्यावर वेळ अर्धा तास मागे दिसायची. दुपारी गिरणीचा साडेबाराचा भोंगा व्हायचा तेव्हा यंत्र म्हणायचं बारा. त्या काळी अर्ध्या शहराची घड्याळं त्या भोंग्यावर लागत, त्यामुळे चूक कोणाची हा प्रश्नच नव्हता.

मी सुचवलं की सकाळी मूळ वेळच अर्धा तास पुढची सांगू, म्हणजे शेवटी बरोबर येईल. सरांनी चष्मा काढला.

“म्हणजे आपण त्याच्याशी खोटं बोलायचं? आणि मंग त्याचा दोष कोणाले दिसन?”

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण सरांचं तत्त्व असं, की ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्या घरी राहायला जावं लागतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मनगटावरचं घड्याळ अर्धा तास मागे केलं. दोष दुरुस्त होऊन नव्या आवृत्तीत येईपर्यंत ते या वेळेत राहणार होते.

आणि खरोखर राहिले. आठ महिने. साडेदहाचा वर्ग अकराला सुरू व्हायला लागला. विद्यार्थी दोन दिवस बाहेर ताटकळले, तिसऱ्या दिवसापासून अकरालाच यायला लागले. शेषरावही अकराला किल्ली लावू लागले. मग मी एकटी साडेदहाला येऊन काय करणार? बाहेरच्या जगाशी सरांचा व्यवहार मात्र माझ्याकडे आला. मीटिंग चारला असली की मी त्यांना सांगायची, सर, तुमच्या साडेतीनला. ते मान डोलवायचे आणि वेळेवर हजर व्हायचे. अर्धा तास वजा करून सांगणं ही त्या वर्षातली माझी मुख्य नोकरी होती असं म्हटलं तरी चालेल.

घरी हेच काम काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, करायच्या. सरांचं घर हुडकेश्वरकडे होतं, तेव्हा तिकडे घरं कमी आणि वावरं जास्त. काकू सरांवर कधी वैतागलेल्या मी पाहिल्या नाहीत. जेवायला बोलवायला गेले तर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, त्यायले अर्धा तास आधीचं सांगजो वं, नाहीतर भाजी थंड होते. त्या उन्हाळ्यात सरांच्या भाचीचं लग्न होतं. मुलीला बोहल्यावर आणायचं काम मामाचं, आणि मामा म्हणजे हे. मुहूर्त बारा एकवीसचा. मांडवात सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे, कारण मामा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून कोणाला तरी दोषवहीचे किस्से सांगत होते. काकूंनी मात्र पत्रिकेच्या त्यांच्या प्रतीवर आदल्या आठवड्यातच पेनानं काट मारून अकरा एक्कावन्न लिहून ठेवलं होतं. सर आपल्या घड्याळात पाहत उठले, ऐन वेळेवर मुलीला घेऊन आले, मंगलाष्टकं झाली. अक्षता टाकून आल्यावर ते मला मोठ्या अभिमानानं म्हणाले की आजवर पहिल्यांदा कोणीतरी आपल्याला आपल्या वेळेत निमंत्रण दिलं.

हे सगळं गमतीत चाललं असतं, पण प्रिन्सिपॉलसाहेबांना त्यात गंमत दिसत नव्हती. त्यांचं म्हणणं साधं होतं. तीनपैकी एक यंत्र दिवसभर पडतं, ते पडलं की फुटाणे वाटतात, आणि वरच्या मजल्यावर कार्यालयात पत्रं टाइप करायला यंत्र नाही. पाहणी समिती येणार होती. समितीसमोर ते तिसरं यंत्र पडलं तर दुसऱ्या दिवशी ते वर जाईल, असं त्यांनी सरांना तोंडावर सांगितलं. यंत्र गेलं की कच्च्या आवृत्त्याही संपल्या. सरांनी त्या दिवशी वहीही उघडली नाही. मला ते पाहून फार वाईट वाटलं.

मग साहेबांनी मला एकटीला बोलावलं. समिती अकराला येईल, मी सरांनाही अकराच सांगितलं आहे, असं त्यांनी सांगितलं. सरांना अकरा सांगितले की ते साडेअकराला येणार हे आता सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. तेवढ्या वेळात तुम्ही त्या यंत्रात विकतची सिस्टीम घालून समितीला दाखवून मोकळ्या व्हा, ते म्हणाले, यंत्रही वाचेल आणि तुमचंही कायम होण्याचं पाहता येईल. मी हो म्हटलं. त्या संध्याकाळी सर निघताना मला विचारून गेले, उद्या अकराच ना, मॅडम? रोजच्यासारखं ‘तुमचे साडेदहा’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, हो सर, अकरा.

सकाळी मी शेषरावांकडून खोली लवकर उघडून घेतली आणि विकतची फ्लॉपी घालून अकराच्या आधी तयार बसले. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, समितीचा पत्ता नाही. समितीच ती, वेळेवर कशी येणार? बरोबर साडेअकराला पायऱ्यांवर पावलं वाजली. समितीचे तिघे, त्यांच्या मागे साहेब आणि साहेबांच्या शेजारी मनगट पुढे केलेले सर. समिती सरांच्या वेळेत आली होती. दारात सगळ्यांच्या चपलाबुटांची एकच गर्दी झाली.

सर सरळ यंत्रापाशी आले. आतली फ्लॉपी काढून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी कूलरकडे पाहत होते. त्यांनी ती फ्लॉपी माझ्या हातात दिली, माठातून आपली काढली आणि समितीला म्हणाले की हे यंत्र तुमच्यासमोर पडणार आहे, वीस मिनिटांच्या आत. ते कसं पडते, पडल्यावर आम्ही कारण कसं शोधतो, तेच पाहण्यासारखं आहे. फळ्यावर तोवरचा विक्रम लिहिलेला होता: न पडता एकोणीस मिनिटं. साहेबांनी डोळे मिटले. शेषराव फुटाण्यांचा पुडा घेऊन दारात उभे राहिले.

वीस मिनिटं झाली. यंत्र चालू. सरांनी तीन-चार कामं एकदम लावली, चालू. एरवी ज्या एका आज्ञेनं ते हमखास आडवं व्हायचं ती दिली, मुकाट्यानं पाळली. समितीचे अध्यक्ष निवृत्त इंजिनीअर होते, पांढऱ्या मिशांचे, जन्मभर धरणं बांधलेले. आधी ते घड्याळ पाहत होते, मग खुर्ची पुढे ओढून स्वतःच बटणं दाबायला लागले. हे करून पाहू का, ते करून पाहू का. सर घामाघूम. दर पाच मिनिटांनी हात जोडून सांगत होते की मी शब्द देतो, हे पडते. साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येत होता. शेवटी शेषरावांनाच राहवलं नाही.

“काहून पडून नाही राहिलं जी आज?”

अध्यक्षांनी हात पुढे केला आणि न पडताच फुटाणे खायला सुरुवात केली. मला इतकं हसू येत होतं की मी तोंडाला पदर लावून उभी होते. ज्या यंत्रानं एरवी कधी उसंत दिली नाही, ते आज सरांची इज्जत घालवायला चालत होतं. चालत राहिलं म्हणून यंत्र वाचणार, हे सरांच्या ध्यानातच येत नव्हतं. त्यांना फक्त एवढंच कळत होतं की आपण खोटे पडलो.

तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. अध्यक्षांनी सवयीनं मनगटाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. हे अर्धा तास मागे आहे, ते म्हणाले. सरांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. दोष! निदान एक तरी दोष हजर होता. त्यांनी छापील लिखाणाची लांबच लांब पट्टी जमिनीवर पसरली, गुडघ्यावर बसून लाल रेघ मारलेली ओळ दाखवली. इथं पाहा, तासच मोजलेत. ही मी केलेली दुरुस्ती, ही तिकडे पाठवलेल्या पत्राची नक्कल. अध्यक्षही खाली बसले. दुरुस्ती जमली आहे तर मग यंत्रात घातली का नाही, त्यांनी विचारलं.

“घातली असती जी,” सर म्हणाले. “पण ते माह्या घरापुरतं ठिगळ झालं असतं. काबूलमधल्या माणसाचाही अर्धा तास आहे. ब्रह्मदेशातल्याचाही आहे. सगळ्यायचा आला, का मंग आपला घेऊ.”

अध्यक्षांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग गुडघे चोळत उठले आणि साहेबांना म्हणाले की यंत्र तूर्त हलवू नका. पुढच्या आवृत्तीत यांचा अर्धा तास आला तर यंत्र कायम इथंच. नाही आला तर खुशाल वर न्या. जाताना त्यांनी उरलेले फुटाणे खिशात टाकले. यंत्र त्यानंतर, समितीची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच, पडलं. त्या दिवशी ते आधी का पडलं नाही हे आजतागायत आम्हाला कळलेलं नाही.

पुढचे दोन महिने सर टपालाच्या वाटेकडे डोळे लावून होते. रामदासपेठेतल्या पोस्टात ते स्वतः जाऊन विचारायला लागले, आणि तेही अर्धा तास उशिरा, म्हणजे खिडकी बंद झाल्यावर. मग मी जायला लागले. माझ्या मनात ती फ्लॉपी आणि ते ‘अकरा’ सलत होतं. सांगायला दहादा तोंड उघडलं आणि दहादा दुसरंच काहीतरी बोलले. सर माझ्याशी पहिल्यासारखेच होते, त्यामुळे तर आणखी जड जायचं.

पाकीट आलं ते ऐन थंडीत. सर चपला काढून आत आले, उंबरठ्याला हात लावला, फ्लॉपी घातली. साडेबाराला पाच मिनिटं कमी होती. शेषराव, मी आणि दहा-बारा विद्यार्थी पडद्याला चिकटून उभे. सरांनी मूळ वेळ सांगितली, फरक साडेपाच सांगितला. भोंगा झाला. पडद्यावर साडेबारा. विद्यार्थ्यांनी टाळ्या पिटल्या, शेषरावांनी माठाला हात जोडले. यंत्र आता कुठेही जाणार नव्हतं. सोबत एक चिठ्ठी होती. तिकडच्यांनी आभार मानले होते आणि कळवलं होतं की अर्धा तास असतो हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. मात्र तुमच्या दुरुस्तीत अर्धा तास मावतो, नेपाळचा पाऊण तास मावत नाही, म्हणून आम्ही मिनिटांनीच मोजायचं ठरवलं. सरांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली.

“आपण नेपाळले विसरलो, गा शेषराव,” ते म्हणाले. मग मनगटावरचं घड्याळ काढून अर्धा तास पुढे केलं आणि कितीतरी वेळ ते हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात पोचले तेव्हा सर व्हरांड्यात उभे होते. खोलीला कुलूप. तरी त्यांनी चपला काढून दाराशी नीट लावून ठेवल्या होत्या आणि थंडीत अनवाणी उभे होते. हातात मिठाईचा पुडा. माझ्या मागोमाग शेषराव किल्ली चाचपत आले, मग विद्यार्थी. सगळे अगदी वेळेवर, म्हणजे अकराला. सर साडेदहापासून उभे होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते वेळेवर आले होते आणि आम्ही सगळे त्यांच्या जुन्या वेळेत राहून गेलो होतो.

कुलूप निघाल्याबरोबर ते आत गेले आणि दोषवही उघडली. कालच्या तारखेला लिहिलं: माझ्या दुरुस्तीत नेपाळ राहिला. नवा. आजच्या तारखेला लिहिलं: सिस्टीम बरोबर, माणसं अर्धा तास मागे. नवा. मग मागचं काहीतरी पाहायला त्यांनी पानं उलटली आणि समितीच्या दिवसाचं पान माझ्यासमोर आलं. सगळ्यात वर, यंत्र पडलं नाही याच्याही वर, त्यांच्या बारीक अक्षरात एक नोंद होती: मॅडमनी माझी वेळ सांगितली नाही. घाबरल्यामुळे. नवा. आपोआप दुरुस्त होईल, हात लावू नये.

सरांनी पान उलटून वही मिटली आणि पुडा सोडला. दोन नवे दोष, म्हणून संत्रा बर्फीचे दोन-दोन तुकडे सगळ्यांना मिळाले. माझ्या हातावर त्यांनी तीन ठेवले. शेषरावांची नजर अशा बाबतीत पक्की.

“मॅडमले तीन काहून जी?”

“त्या दिवशी वाटायची राहून गेली होती,” सर म्हणाले आणि यंत्र सुरू करायला वळले.

मी कूलरकडे तोंड करून तिन्ही तुकडे खाल्ले. शेवटचा जरा खारट लागला.